लिंबाखालचे इंजिन

वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात शिरा. एखाद्या वाड्यामागे, गोठ्याच्या कडेला किंवा लिंबाच्या झाडाखाली एखादे मेलेले इंजिन सापडल्याशिवाय राहणार नाही. कुठे ते विहिरीवरचे तेल-इंजिन असते, वीजपंप आला तेव्हा बाजूला सारलेले. कुठे जीपचे, कुठे मॅटाडोरचे, कुठे कोण्या आजोबांच्या हौसेच्या मोटारीचे. कोंबड्या त्यावर बसतात, पोरे त्याच्या चाकाला लोंबकळतात. मालकाला विचारा, "काय कराचं हाय याचं?" उत्तर ठरलेले असते, "पाहू ना बाप्पा, या हंगामाले." हंगाम येतो, कापूस घरात येतो आणि विकला जातो, सावकाराचे आणि सोसायटीचे देणे फिटते किंवा फिटत नाही. इंजिन मात्र होते तिथेच.

थकलेल्या इंजिनाचे काय करावे, यावर आमच्या कलाशाखेच्या विद्यार्थ्याने लिहिण्याचे कारण काय, असे कोणी म्हणेल. विज्ञानवाल्यांनी लिहिले असते तर आम्ही आनंदाने वाचले असते. पण हा प्रश्न पान्या-स्क्रूड्रायव्हरपेक्षा निर्णयाचा अधिक आहे, आणि निर्णय न घेण्याच्या बाबतीत आपण सगळेच एका शाखेचे! इंजिन थकले की तीन वाटा असतात. ते पुन्हा बांधावे, काढून त्या जागी दुसरे बसवावे, किंवा रीतसर मोडीत घालावे. तिन्ही वाटा माझ्या मते सरळ आहेत. 'पाहू ना' ही चौथी वाट तेवढी वाईट, कारण त्या वाटेवर पहिल्या दोन वाटा हळूहळू गंजून बंद होतात.

या बाबतीत मला रोटरी इंजिनाची कथा फार बोलकी वाटते. असे इंजिन असलेली मोटार आपल्या भागात बहुतेकांनी पाहिलेली नसेल. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली धावतात. रोटरीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. मध्ये किंचित आवळलेल्या दुधी भोपळ्यासारखी एक पोकळी, आणि तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण गरगर फिरतो, एवढाच सगळा कारभार. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना एकेक बारीक पट्टी बसवलेली असते. तीच पोकळीच्या भिंतीला घासत राहते आणि आतला वायू अडवून धरते. जर्मनीतले फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचे हे इंजिन एनएसयू या कंपनीत 1957 मध्ये पहिल्यांदा चालले. 1967 मध्ये त्याच कंपनीने 'आरओ 80' नावाची मोटार काढली. दिसायला अशी की आजही जुनी वाटत नाही, चालायला अशी गुळगुळीत की परीक्षकांनी तिला 1968 ची युरोपातली सर्वोत्तम मोटार ठरवले.

मग त्या टोकाच्या पट्ट्या झिजू लागल्या. पन्नास हजार किलोमीटरही पूर्ण होण्याआधी अनेकांची इंजिने बसली. कंपनीने हमीखाली इंजिने बदलून दिली, पुन्हा बदलून दिली, आणि त्या उदारपणातच ती खचत गेली. 1969 मध्ये ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली आणि ऑडीत विलीन झाली. रस्त्यात समोरासमोर आलेले दोन आरओ 80 वाले एकमेकांना बोटे दाखवीत म्हणे, आपले कितवे इंजिन चालू आहे ते सांगण्यासाठी! हमी संपल्यावर मात्र विनोद संपला. अनेक मालकांनी, विशेषतः इंग्लंडात, रोटरी काढून त्या जागी फोर्डचे आखूड व्ही-चार इंजिन बसवले. आवाज करणारे, थरथरणारे, पण सकाळी चालू होणारे.

या मालकांना मोटारशौकीन आजही नावे ठेवतात. मला ते पटत नाही. ज्याला रोज सकाळी कामावर जायचे आहे त्याने इतिहासाचे जतन कुठवर करायचे? त्यांनी निर्णय घेतला आणि मोटार चालती ठेवली. त्यांतल्या काही गाड्यांमध्ये पुढे कोणी पुन्हा रोटरी बसवलीही. सांगाडा शाबूत होता म्हणूनच ते जमले. अंगणात 'पाहू ना' म्हणून ठेवलेल्या गाडीच्या नशिबी तेही नसते. पाणी साचून आतल्या पट्ट्या जागच्या जागी धरतात, भिंतीवरचा मुलामा सुटतो आणि बांधण्याजोगे इंजिन भंगार होऊन बसते.

याच इंजिनाची दुसरी बाजू हिरोशिमात दिसते. तिथल्या माझदा कंपनीनेही वांकेलचा परवाना घेतला होता आणि तिच्याही प्रायोगिक इंजिनांच्या भिंतींवर पट्ट्यांचे ओरखडे उठत. तिथले अभियंते त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांचे सहकारी, सगळे मिळून 47 जण, त्या नखांच्या मागे लागले. कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची पट्टी करून त्यांनी मार्ग काढला आणि 1967 मध्येच त्यांची 'कॉस्मो स्पोर्ट' बाजारात आली. 1991 मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत त्यांच्या रोटरी मोटारीने जिंकली. म्हणजे तेच इंजिन, तोच दोष. पण एकीकडे इंजिन बदलत राहिले, दुसरीकडे नेमके काय झिजते याचा आधी शोध घेतला.

आणि थकलेल्या रोटरीपुढे उभ्या असलेल्या माणसालाही पहिल्यांदा हेच करावे लागते. नुसत्या धुरावरून तिथे निदान होत नाही, कारण ते इंजिन निरोगी असतानाही थोडे ऑइल जाळतेच. तशी त्याची रचनाच आहे. गरम झाल्यावर चालू व्हायला कुरकुरते का, हे पाहावे. मग त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे कॉम्प्रेशन वेगवेगळे मोजावे. नुसत्या पट्ट्या गेल्या असतील तर त्या बदलता येतात. पोकळीची भिंतच सोलली असेल तर हिशेब वेगळा. आधी मोजमाप, मग मत.

आता आपल्या मूर्तिजापूरकडे वळू, कारण इंजिन बदलण्याच्या निर्णयाचा सगळ्यात मोठा धडा तिथेच आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर या अडीच फुटी रुळांवरची शकुंतला कोणाला माहीत नाही? मँचेस्टरला 1921 मध्ये बांधलेले तिचे वाफेचे इंजिन 1923 मध्ये कामाला लागले आणि 15 एप्रिल 1994 ला उतरले. सत्तर वर्षे! त्या जागी डिझेल इंजिन आले. त्या वेळी हळहळलेली मंडळी अजूनही भेटतात. त्यांची हळहळ मला समजते, पण निर्णय योग्यच होता असे मी म्हणेन. ती कामाची गाडी होती. तिच्यातून शेतमजूर जात, कापूसवाले जात, बाजाराला निघालेल्या बाया जात. त्यांना वाफेच्या शिट्टीपेक्षा गाडी सुटण्याशी मतलब होता.

चुकले ते निराळ्याच जागी. इंजिन नवे आले, खालचे रूळ मात्र विलायती मालकाच्या काळातलेच राहिले. मालकी खासगी कंपनीची, गाडी चालवणार रेल्वे, मग रुळांवर खर्च करायचा कोणी? गाडी सायकलवाल्याशी शर्यत लावावी अशा वेगाने रखडत राहिली आणि गेल्या काही वर्षांत ती थांबलीच. रुंदीकरणाच्या घोषणा आणि मागण्या मात्र थांबल्या नाहीत. तिथेही 'पाहू ना'च चालले आहे, फक्त सरकारी कागदावर. म्हणून नवे इंजिन बसवणाऱ्याला मी नेहमी विचारतो, बाबा रे, रूळ पाहिलेस का? जुन्या मोटारीत हे रूळ म्हणजे सांगाडा, गिअरबॉक्स, ब्रेक. त्यांत जीव नसेल तर नव्या इंजिनाचे पैसे पाण्यात गेले म्हणून समजा.

हा प्रश्न सध्या आमच्या नात्यातही पेटला आहे. अकोल्याच्या मामांकडे 1974 ची फियाट आहे. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण घरात तिला फियाटच म्हणतात. गेल्या वर्षापासून ती निळा धूर सोडू लागली, ऑइल पिऊ लागली, चढावर दम टाकू लागली. पुण्याचा मामेभाऊ म्हणतो, दुसऱ्या गाडीचे तयार इंजिन बसवा, दोन दिवसांचे काम. मामी म्हणतात, भंगारात द्या आणि ती जागा मला धान्याच्या कोठीला मोकळी करा. मामा काहीच म्हणत नाहीत. सेवानिवृत्तीच्या पैशातून इंजिन बांधायचे की शेतातल्या बोअरचे काम काढायचे, हे ओझे त्यांच्या गप्प राहण्यात आहे. आणि अमरावतीहून आलेले दोन पाहुणे गाडी पाहून 'असू द्या, राहू द्या' म्हणून चहा पिऊन गेले!

माझे मत मी घरात मांडले आहे, इथेही मांडतो. ही गाडी आता रोजच्या कामाची राहिलेली नाही, म्हणून आरओ 80 वाल्यांची किंवा शकुंतलेची सबब तिला लागू नाही. शिवाय 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची मोटार मूळ स्थितीत असेल, तिच्या सांगाड्यात, बॉडीत, इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर तिची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होऊ शकते. परके इंजिन बसले की तो हक्क धोक्यात आला, आणि आरटीओकडे परवानगीचे आणि नोंदीचे हेलपाटे पडले ते वेगळेच. बांधायची ऐपत नसेल तर मामी म्हणतात तेच करावे, त्यात कमीपणा कसला? पण तेही रीतसर. नोंदणी रद्द करून घ्यावी. नाहीतर गाडी भंगारवाल्याच्या हातोड्याखाली जाते आणि कागदोपत्री तिचे मालक आपणच राहतो.

मिस्त्री मात्र कोणाचेच ऐकत नव्हता. "काका, आधी खोलू तर द्या. खोलल्याशिवाय मी काय सांगू तुमाले?" शेवटी मामांनी होकार दिला. हेड उतरले. चारही बोअर घासले आहेत, पण चीर कुठेच नाही. क्रँक अजून एक घासणी सोसेल असे लेथवाला म्हणतो. रिंगा, पिस्टन, बेअरिंगा आणि मजुरी धरून त्याने चिठ्ठीवर आकडा लिहून दिला आहे. त्याच्याच खाली मामांनी बोअरवेलचा आकडा लिहिला आहे, आणि दोन्हींचा निकाल दिवाळीच्या आत लावायचे त्यांनी मामींपुढे कबूल केले आहे.