गृहरचना : हात पोहोचेल तीच जागा

वाड्यातील बिऱ्हाड फ्लॅटमध्ये हलते तेव्हा पहिली अडचण उभी राहते ती स्वयंपाकघराची. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव येथील आपल्या जुन्या मराठी वस्त्यांत हे स्थित्यंतर कित्येक वर्षे चालू आहे. माणसे लहान जागेत सामावतात. परंतु परात, पातेली, लोणच्याच्या बरण्या, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या आणि वर्षाच्या गव्हाची कोठी कोठे ठेवायची? यावर सरसकट सांगितला जाणारा उपाय म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत कपाटे ठोकून घेणे. आम्हांला तो पुरेसा वाटत नाही. स्वयंपाकघरातील जागा घनफुटांत न मोजता तेथे राबणाऱ्या व्यक्तीच्या हाताच्या पोचीने मोजावी, असे आमचे मत आहे.

आपले जुने फडताळच पाहावे. दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीत बसविलेल्या त्या फडताळात डब्यांच्या एक, फार तर दोन रांगा राहत. दार उघडताच सर्व काही दृष्टीस पडे. आजचे ओट्याखालील कपाट दोन फूट खोल असते. पुढे रोजचे डबे आणि मागे अंधार! मागील डब्यातील डाळीला कीड लागली तरी महिनाभर कळत नाही, आणि डाळ संपली असे समजून ती पुन्हा आणली जाते. म्हणून ओट्याखाली नुसत्या फळ्या न घालता पूर्ण बाहेर येणारे खण किंवा जाळीच्या ट्रॉल्या बसवाव्यात. मागचे भांडे पुढे आले की वाकण्याचे कष्ट निम्मे होतात. कडाप्प्याचे जुने कप्पे असतील तर ते तोडू नयेत. त्यांना वाळवी लागत नाही. त्यांवर सरकत्या टोपल्या ठेवल्या तरी काम भागते.

फ्लॅटमधील आतली भिंत बहुधा साडेचार इंची असते. ती कोरून कोनाडा काढता येत नाही, आणि खांब वा तुळई यांना तर छिन्नी लावूच नये. पण पुष्कळ इमारतींत खांब भिंतीच्या पुढे चार-पाच इंच आलेला असतो. त्याच्या शेजारी जो खाचा राहतो, तोच आजचा कोनाडा समजावा. त्यात उभ्या फळ्या ठोकून आडवे कप्पे केले की मसाल्याच्या बाटल्या, चहा-साखर, पापडाचे लहान डबे एका रांगेत मावतात. दाराची मागची बाजू आणि खिडकीच्या कडेची पट्टी यांचाही असाच उपयोग होतो. मात्र भोके पाडण्यापूर्वी आतून नळ किंवा विजेची तार गेलेली नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

आता उंचीचा विचार. कमरेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा सर्वांत मोलाचा. तेथे रोजच्या वस्तू असाव्यात. कमरेखाली जड वस्तू, आणि डोक्यावर हलक्या व क्वचित लागणाऱ्या. आपल्या घरांतून नेमके उलट घडते. माळ्यावर, ज्याला इंदुराकडे टांड आणि बडोद्याकडे माळियुं म्हणतात, पितळेची सर्वांत जड पातेली चढविली जातात आणि सणावारी ती उतरविण्यासाठी घरातील वडीलधारी बाई स्टुलावर उभी राहते. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर कित्येकांचे चालणेफिरणे कायमचे मर्यादित होते. कोणतेही भांडे एवढ्या मोलाचे नाही. माळ्यावर मोदकपात्र, रिकामे डबे, मखराचे सामान एवढेच ठेवावे, आणि घरात पक्की, रुंद पायऱ्यांची घडीची शिडी असावी.

माळव्यात आणि गुजरातेत वर्षाचा गहू भरण्याची चाल अजूनही पुष्कळ घरी आहे. तयार स्वयंपाकघर विकणाऱ्यांच्या नकाशात कोठीला जागा नसते. एक क्विंटल गव्हाला सुमारे साडेचार घनफूट जागा लागते. म्हणजे दोन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी पत्र्याची पेटी पुरे. खिडकीखाली अशी पेटी ठेवून वर फळी टाकली की भाजी निवडायला बैठक तयार होते. पेटी जमिनीपासून तीन इंच उचललेली आणि ओलसर भिंतीपासून दूर असावी.

गॅसचा सिलिंडर ओट्याखाली असेल तर त्या कपाटाच्या दाराला जमिनीलगत जाळी हवीच. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास खाली साचतो. रेग्युलेटरही चटकन हाताला लागला पाहिजे. त्याच्यापुढे पिशव्या कोंबू नयेत.

मोरीची जागा आता बहुधा लहान गॅलरीने घेतली आहे. तेथेही नियम तोच. समोरून उघडणारे धुलाईयंत्र ओट्याखाली बसते; मात्र यंत्र आधी मोजून मगच ओट्याची उंची ठरवावी. त्याच्या खालच्या गाळणीपुढे दगडी उंबरा बांधू नये, नाहीतर ती साफ करणे अशक्य होते. वरून उघडणाऱ्या यंत्रावरील फळी झाकण पूर्ण उघडेल इतकी वर घ्यावी. कपडे वाळविण्यासाठी छताला कप्पीच्या दांड्या लावाव्यात; दांडी खांद्यापर्यंत उतरवून कपडे घातले व ओढून वर नेली की खालची वाट मोकळी राहते. मळक्या कपड्यांना बंद पेटी नको. बेळगाव-गोव्याच्या पावसात तर हवेशीर वेताची टोपलीच बरी; बंद पेटीत कपड्यांना बुरशी धरते.

सुताराला बोलाविण्यापूर्वी आठ दिवस एक प्रयोग करावा. जे भांडे वापरात येईल त्यावर खडूची खूण करावी, धुतल्यावर पुन्हा करावी. आठवड्याअखेरीस खूण नसलेली भांडी वेगळी काढून त्यांतील सणावाराची कोणती हे ठरवावे. मग उरतात ती सासूबाईंची, आजेसासूबाईंची भांडी. येथे घरात शब्दाला शब्द वाढतो, आणि ते स्वाभाविक आहे. गाव सुटले तेव्हा पुष्कळ कुटुंबांनी बरोबर आणले ते हेच पितळ. आमची सूचना अशी की, त्यांतील एक-दोन भांडी कल्हई करून रोजच्या पट्ट्यात आणावीत आणि बाकीची लेकीसुनांना, भाचरांना देऊन टाकावीत. माळ्यावरच्या अंधारात दहा पातेली ठेवण्यापेक्षा ज्या पातेल्यात आजीने आमटी केली त्यात आज आमटी उकळावी, हे अधिक चांगले. आणि ही निवड सुताराने किंवा घरच्या कर्त्याने करू नये. त्या ओट्यापाशी जी व्यक्ती रोज उभी राहते, तिला ती करू द्यावी.