भरपाई मिळाली, न्यायाचे काय?

अनाथ, निराधार वा गरीब घरातले मूल सरकार आपल्या ताब्यात घेऊन एखाद्या संस्थेच्या स्वाधीन करते, तेव्हा सरकार त्या मुलाचे पालकत्वच पत्करत असते. त्या छपराखाली मुलाचा छळ झाला तर पालक म्हणून सरकारचे दायित्व काय, आणि ते पैशात मोजायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आयर्लंडने चौकशी आणि भरपाई मिळून सुमारे १५० कोटी युरो खर्च केले. तरीही तेथील अनेक पीडितांच्या मनातील कटुता गेलेली नाही. ती का गेली नाही, हे आपणही समजून घेतले पाहिजे. कारण बालगृहांतील अत्याचाराची प्रकरणे महाराष्ट्रालाही नवी नाहीत.

आयर्लंडमध्ये 'औद्योगिक शाळा' या नावाने चालणाऱ्या निवासी संस्था कॅथलिक धर्मसंघांच्या हाती होत्या. न्यायालये मुलांना तेथे पाठवीत आणि सरकार दरडोई अनुदान देई. १९९९ मध्ये आरटीई या सार्वजनिक वाहिनीवरील 'स्टेट्स ऑफ फिअर' या माहितीपट मालिकेने तेथील क्रौर्य चव्हाट्यावर आणले. त्याच वर्षी ११ मे रोजी पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी सरकारच्या वतीने पीडितांची माफी मागितली. चौकशी आयोगाचा अहवाल मात्र २० मे २००९ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी आला. मारहाण हा अपवाद नसून संस्था चालवण्याची रीतच होती, मुलांच्या संस्थांत लैंगिक अत्याचार सर्रास होत होते आणि शिक्षण खाते धर्मसंघांपुढे नमते घेत होते, असे न्यायमूर्ती शॉन रायन यांच्या या अहवालाने नोंदवले.

दरम्यान २००२ च्या कायद्याने भरपाई मंडळ स्थापन झाले होते. त्यामागचा विचार स्तुत्य होता. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या अत्याचाराचा पुरावा आणायचा कोठून? आरोपी मृत, कागदपत्रे गहाळ, साक्षीदार परागंदा. म्हणून न्यायालयाऐवजी मंडळापुढे खासगी सुनावणी ठेवण्यात आली. अत्याचाराची तीव्रता, शारीरिक-मानसिक आजार, मन व समाजजीवन यांवरील परिणाम आणि गमावलेल्या संधी यांना मिळून १०० पैकी गुण दिले जात. २५ पेक्षा कमी गुणांना ५० हजार युरोपर्यंत, तर ७० वा अधिक गुणांना २ लाख ते ३ लाख युरोपर्यंत भरपाई. पंधरा हजारांहून अधिक जणांना ती मिळाली. सरासरी रक्कम ६२ हजार युरोंच्या घरात होती. न्यायालयांत इतक्या लोकांना एवढ्या अवधीत काही मिळणे अशक्यच होते.

पण या पैशाला अटी होत्या. भरपाई स्वीकारणाऱ्याला त्याच कारणासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क सोडावा लागे. भरपाई मिळाली म्हणून कोणाचा दोष सिद्ध झाला, असेही मानले जात नसे. त्याहून जाचक अट मौनाची होती. मंडळापुढील माहिती उघड करणाऱ्यास २५ हजार युरोपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद कायद्यातच होती. कलमाचा हेतू गोपनीयता जपण्याचा असेल. परंतु 'बोललास तर याद राख' ही धमकी ऐकतच जे लहानाचे मोठे झाले, त्यांना सरकारनेही तेच सांगावे, यासारखा दैवदुर्विलास नाही.

दुसरा प्रश्न पैसे कोणी द्यायचे हा. अठरा धर्मसंघांनी २००२ मध्ये सरकारशी करार करून रोख व मालमत्ता मिळून १२.८ कोटी युरो देण्याचे मान्य केले. त्या बदल्यात त्यांना पुढील दाव्यांपासून संरक्षण मिळाले. एकूण खर्च किती होईल याचा अंदाज येण्याआधीच हा सौदा झाला. २००९ च्या अहवालानंतर धर्मसंघांनी जादा रक्कम देऊ केली, तरी खर्चाचा मोठा भार करदात्यांवरच पडला. छळ संस्थेत झाला आणि दंड जनतेने भरला.

ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये संस्थांतील लैंगिक अत्याचारपीडितांसाठी राष्ट्रीय योजना सुरू केली, तेव्हा यांतील काही चुका टाळल्या. तेथे जबाबदार संस्थेने रक्कम भरायची, समुपदेशन द्यायचे आणि पीडिताची इच्छा असेल तर त्याची समक्ष माफीही मागायची. मात्र आयोगाने सुचवलेली दोन लाख डॉलरची कमाल मर्यादा दीड लाखांवर आणली गेली आणि दावा सोडण्याची अट तेथेही राहिली. खुद्द आयर्लंडने अविवाहित मातांच्या आश्रमांसाठी २०२४ मध्ये उघडलेल्या योजनेत, सहा महिन्यांपेक्षा कमी काळ तेथे राहिलेल्या बालकांना वगळले. आईपासून झालेली ताटातूट दिवसांच्या हिशेबात बसत नाही, हे सांगण्यासाठी पीडितांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईतील 'अँकरेज' आश्रयगृहातील मुलांच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण २००१ मध्ये उघडकीस आले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती शिक्षा पुन्हा कायम केली. तक्रारीच्या वेळची मुले तोवर तरुण झाली होती. त्यानंतर २०१२ चा पॉक्सो कायदा आला, २०१३ मध्ये महाराष्ट्राची 'मनोधैर्य' योजना आली. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार आरोपी सुटला वा सापडलाच नाही, तरी विशेष न्यायालय भरपाई देऊ शकते आणि राज्य सरकारने ती आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. ही तरतूद निश्चितच पुरोगामी आहे.

मात्र हा सारा डोलारा फौजदारी खटल्याभोवती उभा आहे. बालगृहातील अत्याचाराला वाचा फोडण्याचे बळ अनेकांना वयाच्या तिशी-चाळिशीत येते. आपल्या मुदत कायद्याप्रमाणे, अज्ञानपणी घडलेल्या प्रकाराबद्दल दिवाणी दावा लावण्यास सज्ञान झाल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षांची सवलत मिळते. म्हणजे बोलण्याचे धैर्य येईतो दिवाणी न्यायालयाचे दार बंद झालेले असते. शिवाय भरपाई सरकारी तिजोरीतून जाते. संस्थेच्या विश्वस्तांना तिची झळ क्वचितच लागते.

म्हणूनच आयर्लंडच्या अनुभवातून तीन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. बालपणीच्या अत्याचाराच्या दिवाणी दाव्याला मुदतीची आडकाठी नसावी. मुले सांभाळण्याची परवानगी देतानाच भरपाईचे दायित्व संस्थेवर टाकावे. आणि भरपाईच्या बदल्यात पीडिताचे मौन कधीही मागू नये. हिरावलेले बालपण कोणतीही रक्कम परत आणत नाही. रकमेसोबत दोषाची कबुली येते, तेव्हाच ती भरपाई ठरते. एरवी ते केवळ तोंड बंद ठेवण्याचे मोल होय.