धावणाऱ्या पोरांच्या हंगामाचेही नियोजन हवे

शेतकरी बंधूंनो, खरिपाचे नियोजन आपण मे महिन्यातच करतो. कोणत्या रानात काय, बियाणे किती, खत कधी, हे ठरल्याशिवाय तिफण बाहेर काढत नाही. पण आपलीच पोरं तालुक्याच्या कॉलेजात क्रॉसकंट्रीच्या संघात धावतात, त्यांच्या हंगामाचे नियोजन काय असते? "यंदा पहिला नंबर आणायचा." बस्स! हे म्हणजे उगवणक्षमता न तपासता पेरायचे आणि एकरी दहा क्विंटलची आशा धरायची, तसेच झाले.

गेल्या वर्षी माझ्या सजातल्या एका पोराने असाच पहिल्या नंबरचा ध्यास घेतला. पहाटे धाव, दिवसभर सोयाबीनची काढणी, संध्याकाळी पुन्हा धाव. नडगी दुखू लागली तरी तो बोलला नाही. शेवटी हाडाला बारीक चीर निघाली. स्पर्धा हुकली आणि पोलीस भरतीची १६०० मीटरची धावही हुकली. बाप मला म्हणाला, "साहेब, पोरगं पळतंय म्हणून आम्ही खूश. पाय दुखतोय का, ते कुणी इचारलंच न्हाई."

चूक पोराच्या जिद्दीत नव्हती, उद्दिष्टात होती. बाजारभाव जसा आपल्या हातात नाही, तसा नंबरही नाही. दुसऱ्या कॉलेजचा गडी किती जोरात धावेल हे आपण ठरवू शकत नाही. हातात आहे ती मशागत.

म्हणून उद्दिष्टे तीन थरांत वहीत लिहावीत. पहिले संघाचे. क्रॉसकंट्रीत संघाच्या ठराविक धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज कमी तो संघ वर येतो. एकटा पहिला आला आणि बाकीचे साठ-सत्तराव्या नंबरवर राहिले, तर उपयोग नाही. म्हणून पुढच्या आणि मागच्या गड्यातले अंतर कमी करणे, हे संघाचे खरे उद्दिष्ट.

दुसरे ज्याचे त्याचे. महिन्यातून एकदा त्याच रस्त्यावर तेवढेच अंतर घड्याळ लावून धावावे आणि स्वतःच्याच मागच्या वेळेशी तुलना करावी. तिसरे रोजचे. आठवड्यात किती दिवस धावायचे, झोप किती, विश्रांतीचा दिवस कोणता. अंतर हळूहळू वाढवावे. युरियाचा सगळा हप्ता एकदम टाकला तर पीक माजते, हे आपल्याला सांगायला नको. आणि हंगामाच्या मध्यावर पीक पाहणीसारखी वही उघडावी. दुखणे असेल तर उद्दिष्ट खाली आणावे, त्यात कमीपणा नाही.

आता थोडे आपल्याकडे. काढणीचे दिवस पोराला आधी सांगा, म्हणजे त्या आठवड्यात तो धाव कमी ठेवील. मुलींचे हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. रक्त कमी असताना नुसते "पळ पळ" म्हणण्यात अर्थ नाही. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पाणंद रस्त्यावरची काटेरी झुडपे काढून दिली, तरी मोठे काम होईल.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण मिळवले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली. दोघेही दुष्काळी भागातले. त्यांची नावे जरूर सांगा, पण पोरांना टोचायला नको. त्यांच्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत आहे, एका हंगामाची नाही.

तेव्हा आज संध्याकाळी पोरगं धावून आलं की "कितवा आलास?" असे विचारू नका. "वहीत काय लिहिलंस?" आणि "पाय दुखतो का?" एवढेच विचारा.