वेलांटी आधी की नंतर?
श्याम जोशी यांच्या ‘ग्रंथसखा’ वाचनालयामुळे बदलापूरचं नाव मराठी पुस्तकांशी कायमचं जोडलं गेलं, पण याच गावात पुस्तक उघडलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो, अशीही मुलं आहेत. मराठी उच्चाराप्रमाणेच लिहिली जाते, असं आपण अभिमानाने सांगतो. ते पुरतं खरं नाही. ‘किती’तली पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, तोंडातून मात्र नंतर निघते. ‘सूर्य’मधला र य च्या आधी उच्चारायचा आणि तो बसलेला असतो य च्याच डोक्यावर! शिवाय घ-ध, भ-म अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या आहेतच. बहुतेक मुलं सरावाने यातून पार होतात. डिस्लेक्सिया असलेलं मूल हुशार असूनही अडखळत राहतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा अध्ययन अक्षमतेची दखल घेतली, परीक्षेत सवलतीही मिळतात. पण दहावी तोंडावर आल्यावर प्रमाणपत्रासाठी लोकलने मुंबईतलं शीवचं रुग्णालय गाठणं म्हणजे वरातीमागून घोडं. तिसरीतलं मूल अजून अक्षरं जुळवत बसत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. रोज थोडा वेळ शेजारी बसून त्याच्यासोबत मोठ्याने वाचा, आणि तरीही अडलं तर तपासणी याच वर्षी करून घ्या.