मोडक्या मोटारीचें मोल

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आलेली रो-रो बोट मांडव्यास लागली म्हणजे तिच्या पोटांतून मोटारी व टेंपो एकामागून एक बाहेर पडतात. २०२० सालापासून हें दृश्य आमच्या मुलांच्या परिचयाचें झालें आहे. साहजिकच त्याची प्रतिकृति करण्याची हौस कित्येकांस होते. पुठ्ठ्याचा टेंपो सहज साधतो. परंतु घोडें अडतें तें चाकांशीं.

घरांतील ओतीव धातूची मोडकी मोटार येथें कामास येते. अशा लहान मोटारी बहुधा खऱ्या मोटारीच्या सुमारें चौसष्टाव्या हिश्श्याच्या असतात. म्हणजे ६४ सेंटिमीटर व्यासाचें चाक खेळण्यांत १ सेंटिमीटरचें होतें. तळाच्या रिव्हेटचें डोकें ड्रिलनें कोरलें कीं चाकें, आंस व काचा अलग होतात. हें काम वडील माणसांच्या देखत, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावूनच करावें.

“ही तर नासधूस!” असें कित्येक पालक म्हणतील. आमचें मत निराळें आहे. जीं मुलें एक वस्तु नीट उकलून तिच्यांतून दुसरी उभी करितात, त्यांस वस्तूची किंमत अधिक कळते. मात्र धडधाकट मोटार फोडणें, किंवा धाकट्या भावाची न विचारतां उचलणें, ह्यास आम्ही कारागिरी म्हणणार नाहीं.

बाजारांत परदेशी शर्यतीच्या मोटारी विपुल मिळतात. मांडव्याच्या धक्क्यावरचा टेंपो कोणी विकीत नाहीं. तो आपल्याच हातांनीं घडवावा लागतो. म्हणून पालकहो, मोडकें खेळणें भंगारांत टाकण्यापूर्वीं तें एकदां मुलांच्या स्वाधीन करा.