राबणारीचे नाव सातबाऱ्यावर हवे

२०१६ च्या दुष्काळात लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील खेड्यांत, स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने, अनेक स्त्रियांनी घरच्यांकडून एक एकर जमीन मागून घेतली. तीत नगदी पिकाऐवजी धान्य, कडधान्ये व भाजीपाला एकत्र घेतला. थोड्या पाण्यावर घरचे अन्न पिकले. एक पीक बुडाले तरी दुसरे हाती राहिले.

परंतु मागून मिळालेला एकर हा हक्क नव्हे. सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज व नुकसानभरपाई यांची वाट अडते. दुष्काळाशी झुंजावे स्त्रीने आणि मालक म्हणवावे पुरुषाने, हा कोणता न्याय?

१९५६ चा हिंदू वारसा कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध ठरविला. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेणारे भाऊ आपल्यात नाहीत काय?

बंधूंनो, तो कागद पुढे करू नका. वारसनोंदीत बहिणीचे नाव लावा. समता आधी आपल्या बांधावर दिसू द्या.