नीळकंठ तिसऱ्या भागात हरवला!

वाचकहो, नांगरट झाली, रोवणी झाली, पीकही डोलू लागले आणि ऐन मळणीच्या वेळी खळ्यास आग लागली, तर शेतकऱ्यास काय वाटेल? अमीश त्रिपाठी यांच्या शिवकथेचा तिसरा भाग मिटताना आम्हांस तसेच वाटले. मूळ कथा इंग्रजी. तिचे भाग २०१०, २०११ व २०१३ साली निघाले. पुढे ती मराठीतही आली.

पहिला भाग खरोखर वाचनीय आहे. त्यातला महादेव तिबेटातल्या टोळीचा नायक, कर्तृत्वाने मोठा झालेला माणूस आहे. पुराणपुरुषांस माणूस समजून वाचणे आम्हांस नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त अवतारकथा तशाच तपासल्या. मागील जन्मीच्या पापाचा शिक्का मारून ज्यांस ‘विकर्म’ म्हणून अस्पृश्य ठरविले, त्यांचा तो जाचक कायदा हा नीळकंठ मोडतो. शाबास! असे आम्ही तेव्हा म्हणालो.

पुढे कळते की, मेलुहाच्या लोकांस दीर्घायुषी करणाऱ्या सोमरसाची विषारी घाण तिबेटातल्या नदीत सोडली जाते. तीच नदी खाली ब्रह्मपुत्रा होते आणि ब्रंग देशात रोगराई माजते. आयुष्य एकाचे, मरण दुसऱ्याचे! भंडाऱ्याच्या माणसास हे समजावून सांगावे लागत नाही. नागपूरचे सांडपाणी नागनदीतून कन्हानेत व तेथून वैनगंगेत वर्षानुवर्षे आले, ते आपण पाहिलेच आहे.

तेव्हा तिसऱ्या भागात या अन्यायाचा निवाडा होईल, अशी आशा होती. झाले काय? सतीचा घात होतो, महादेव खवळतो आणि एका अस्त्राने देवगिरी नगरी भस्म करतो. न्यायाच्या आसनावर सूड येऊन बसतो. सोमरसाची विद्या जाणणारे मात्र वाचविले जातात. ब्रंगांच्या घरचे दुःख मागे पडते.

कोणी म्हणेल, सतीचे मरण पुराणातच आहे, त्यास लेखकाने काय करावे? खरे आहे. पण पुराणातला महादेव राग शमताच दक्षास बोकडाचे शिर लावून पुन्हा उठवितो. आणि नीळकंठ हे नाव त्यास मिळाले ते जगाचे विष स्वतःच्या कंठात ठेवल्यामुळे, गाव जाळल्यामुळे नव्हे.

पोरांनी ही पुस्तके जरूर वाचावीत. मात्र तिसरा भाग मिटताना एक प्रश्न विचारावा : नगरी जळाली, पण विष प्यालेल्यांस काय मिळाले?

— एक शाळामास्तर, लाखनी